तापास, रासिओन, अल्मुएर्सो : अर्थ आणि वापर

प्रश्न : ऑक्टोबरात स्पेनमध्ये सेव्हिल, ग्रानादा आणि सान सेबास्तियान असा बेत आहे. तिथल्या बारमध्ये पेयाबरोबर जे थोडंथोडं खाणं मिळतं, त्या ‘तापास’ला मराठीत चखणा म्हणता येईल का? शब्दकोशात ‘अल्मुएर्सो’चा अर्थ दुपारचं जेवण असा दिलाय, तो तिथे चालतो का? सोबत आई आहे, ती पूर्ण शाकाहारी.

उत्तर : चखणा म्हटलं की दारू आलीच. तापा मात्र मोस्तो, म्हणजे न आंबवलेल्या द्राक्षरसाच्या ग्लासाबरोबरही खातात आणि अशा चार-पाच तापांवर रात्रीचं जेवणही होतं. संस्कृतात मद्याबरोबरच्या चटकदार खाण्याला ‘उपदंश’ म्हणत, पण मराठीत ते एका रोगाचं नाव झालंय, म्हणून तो शब्द बाद. माझ्या मते ‘वानगी’ सगळ्यांत जवळचा. तापा हा काही एक पदार्थ नाही, ते माप आहे. तोच पदार्थ दोन-चार घासांपुरता आला तर तापा, अर्धी बशी आली तर ‘मेदिया रासिओन’, दोघातिघांनी वाटून खायची पूर्ण बशी आली तर ‘रासिओन’. सेव्हिलच्या फळ्यांवर किमतींचे दोन-तीन रकाने दिसतात, ते याच मापांचे. अनेक ठिकाणी तापा फक्त ‘बारा’वर, म्हणजे काउंटरला उभं राहिलं तरच मिळतो. बाहेर टेबलाशी बसलात की रासिओनच घ्यावा लागतो आणि दरही थोडा चढा असतो. बसायच्या आधी विचारून घ्या.

शब्दाचा मूळ अर्थ झाकण. ‘तापार’ म्हणजे झाकणं. ग्लासावर हॅमचा काप झाकून राजाला दिला, ही गोष्ट तुम्हाला जागोजागी ऐकायला मिळेल. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

आता गावागणिक फरक. ग्रानादात पेय मागवलं की तापा आपोआप येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बऱ्याच बारमध्ये तो निवडायची सोय नसते, दुसऱ्या ग्लासाबरोबर दुसरा येतो. म्हणून तिथे आईसाठी पेय मागवतानाच सांगायचं. बशी समोर आल्यावर सांगून उपयोग नाही. सेव्हिलमध्ये नाव घेऊन मागवायचा आणि त्याचे पैसे द्यायचे. तिथे ‘एल रिंकोनसियो’ हा १६७० पासूनचा बार आहे, वेटर लाकडी काउंटरवरच खडूने तुमचा हिशेब मांडत जातो. सान सेबास्तियानला तापाऐवजी ‘पिंचो’ म्हणतात, ‘पिंचार’ म्हणजे टोचणं. काउंटरवर मांडलेले गार पिंचो दिसायला सुंदर असतात, पण खरी मजा फळ्यावर लिहिलेल्या गरम पिंचोंत आहे. ते मागवल्यावर करून देतात. एकाच बारमध्ये बशी भरून घेऊ नका. एक खाल्ला, पैसे दिले, पुढच्या दारात शिरलो, अशी तिथली रीत. प्रत्येक बारचा एखादाच पदार्थ नावाजलेला असतो. शेजारचे लोक काय खातायत ते बघून बोट दाखवलंत तरी चालतं.

‘अल्मुएर्सो’बद्दल : शब्दकोश चुकीचा नाही, पण त्यावर विसंबून चालणार नाही. व्हॅलेन्सियाकडे अल्मुएर्सो म्हणजे सकाळी दहाच्या आसपासचं भरभक्कम सँडविच. दुपारच्या मुख्य जेवणाला स्पेनमध्ये बहुतेक जण ‘कोमिदा’ म्हणतात, त्याची वेळ दोन ते चार. संध्याकाळी सहाच्या सुमाराची न्याहारी ‘मेरिएन्दा’, आणि रात्रीचं जेवण म्हणजे ‘सेना’, ते नऊनंतर. चार ते आठ या वेळेत बार उघडा दिसेल, पण ‘ला कोसिना एस्ता सेर्रादा’ म्हणजे स्वयंपाकघर बंद, हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्या वेळात ऑम्लेटचा गार तुकडा, ऑलिव्ह, चीज एवढंच मिळतं.

हे उशिरा जेवणं आळसाचं लक्षण नाही. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणजे घड्याळ लंडनच्या वेळेवर असायला हवं, तरी १९४० च्या मार्चमध्ये स्पेनने घड्याळं एक तास पुढे केली आणि ती परत मागे आणलीच नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा, म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर घड्याळ पुढे ठेवतात त्याचा, आणखी एक तास. तुम्ही जाल त्या ऑक्टोबरात सूर्य डोक्यावर येतो तो दोनच्या सुमारास. म्हणजे दोनला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने भर बारालाच जेवतो. ‘मेदियोदिआ’ (शब्दशः मध्यान्ह) हा शब्दही तिकडे जेवणाच्या वेळेपर्यंत ताणला जातो, आणि कित्येक जण जेवण झाल्याशिवाय ‘बुएनास तार्देस’वर (शुभ दुपार) येत नाहीत, ‘बुएनोस दिआस’च (शुभ सकाळ) म्हणतात. कुणी मेदियोदिआला भेटू म्हटलं तर नेमके किती वाजता, ते विचारा.

दुपारी ‘मेनू देल दिआ’ घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, पाव आणि बहुधा पेयही एकाच किमतीत. पोट व्यवस्थित भरतं आणि रात्री निवांत बार पालथे घालता येतात.

आईसाठी सगळ्यांत महत्त्वाचं : ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, हे पुरेसं नाही. कार्ने म्हटल्यावर अनेकांच्या मनात हॅम किंवा ट्यूना मासा येतच नाही. ‘बोकादियो वेहेताल’ नावाच्या सँडविचमध्ये भाजीबरोबर ट्यूना आणि अंडं सर्रास असतं. म्हणून ‘सिन खामोन, सिन अतून’ असं एकेक नाव घेऊन सांगा, अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ही. सेव्हिलमध्ये पालक-छोले, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, जिऱ्याच्या वासाने आईला ओळखीचे वाटतील. आणि ‘बेरेन्खेनास कोन मिएल’ चुकवू नका. मिएल म्हणजे मध, पण इथे बहुतेकदा ‘मिएल दे कान्या’ असते, म्हणजे चक्क काकवी. वांग्याचे काप पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काकवीची धार सोडतात. काळसर धार गरम कापावर पसरते, खारट आणि गोड एकाच घासात लागतं.

पुरवणी प्रश्न : मराठीत लिहिताना टापास की तापास? एकवचन काय?

उत्तर : तापास. स्पॅनिश ‘त’ दंत्य आहे, ‘ट’ इंग्रजीच्या वाटेने आला. एकवचन ‘तापा’, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मराठीत मात्र डबा, वडा यांच्या वळणाने ‘तो तापा’ असंच तोंडात येतं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. अनेकवचनी ‘तापास’ आहे तसंच ठेवावं. ‘तापे’ अजून कुणाच्या लिखाणात रुळलेलं दिसत नाही.