अनुभव धागा : पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

नवा पीसी जुळवला, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या मेनूत) क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, वाढवला, सेव्ह करून रीस्टार्ट मारला आणि स्क्रीन काळी ती काळीच. नागपुरात असे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. काय झालं आणि नेमकं कशानं सुटलं ते लिहा. प्रोसेसर, रॅम आणि वाढवलेलं सेटिंग सांगितलंत तर दुसऱ्याला उपयोग होईल. 'दुकानात नेला, करून दिला' एवढ्यावर थांबू नका.

आधीच एक सांगून ठेवतो. 'मी ओव्हरक्लॉक केलंच नाही, फक्त एक्सएमपी चालू केलं' असं म्हणणारे निम्मे भेटतात. एक्सएमपी काय, एक्सपो काय, रॅमला मूळ वेगाच्या वर चालवणारी तयार प्रोफाइलच ती, म्हणजे दोन्ही ओव्हरक्लॉकच. खोक्यावर ६००० वेग लिहिलेली डीडीआर५ रॅम प्रोफाइल लावेपर्यंत ४८०० च्या आसपासच चालते.

त्रिमूर्तीनगर
एएम५ सॉकेट (एएमडीच्या प्रोसेसरचा), डीडीआर५ रॅमच्या दोन काड्या. पहिल्यांदा चालू केला तेव्हा बोर्डावरचा डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिला, डिस्प्ले नाही. भाऊ म्हणाला बंद कर, जळेल. मी म्हटलं राहू दे, चहा होऊन जाऊ दे. चहा संपायच्या आत बायोस आला. पहिल्या बूटला बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळणारं टायमिंग शोधतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. एक्सपो लावलं की पुन्हा तेच, बायोस अपडेट केला की पुन्हा तेच. मधेच बटण दाबून बंद करणाऱ्याचं ट्रेनिंग दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं आणि तो समजतो बोर्ड गेला.

बर्डी, दुरुस्तीचं काम करतो
भाऊ, 'बोर्ड गेला' म्हणून येणाऱ्या पीसीत बोर्ड क्वचितच गेलेला राहते. मी पहिले कॅबिनेटची साइड उघडतो. प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर लागली का? २४ पिनची सगळे लावतात, वरच्या कोपऱ्यातली राहून जाते. मग पंखे फिरतात अन् डिस्प्ले नाही. दोनच काड्या असल्या तर प्रोसेसरपासून दुसऱ्या अन् चौथ्या खाचेत पाहिजेत. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डात आहे का बोर्डात, तेही पाहून घ्या. एवढं ठीक असलं तरच सीमॉस क्लिअर करतो, म्हणजे बायोसची सेटिंग मूळची करतो. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मागून बंद, वायर काढायची, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे उरलेला करंट निघून जाते, मग बोर्डावरचा सेल काढायचा नाही तर जम्परच्या दोन पिना शॉर्ट करायच्या. वायर न काढता सेल काढून बसलेले लोक पाहिले म्हणून सांगून राहिलो. नंतर एक काडी, ग्राफिक कार्ड नको (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असलं तर), हार्ड डिस्क नको, एवढ्यावर चालू करायचा.

महाल
माझी केस उलटी. पीसी बूट व्हायचा, सिनेबेंच (प्रोसेसरवर लोड टाकणारी टेस्ट) तासभर चालायचं, गेमही चालायचे. रीस्टार्ट केला की मात्र विंडोजचा गोल फिरता फिरता बंद. प्रोसेसरवर लोड असताना टिकतं ते बूटला कसं टिकत नाही, हे डोक्यात शिरत नव्हतं. मी कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं एएमडीचं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३० दिला होता. लोडखाली सगळे कोअर मिळून कमी क्लॉकवर चालतात, तिथं कमी व्होल्टेज पुरतं. बूट होताना किंवा पीसी नुसता पडून असताना एखाददुसरा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या क्लॉकला उडी मारतो, आणि तिथंच ते व्होल्टेज तोकडं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरच्या (हार्डवेअर एररच्या) नोंदी होत्या, त्यात प्रोसेसरचा एपीआयसी आयडी (कोअर ओळखायचा आकडा) दिसतो. त्यावरून कोणता कोअर रडतोय ते कळलं. त्या कोअरला उणे १० केलं, बाकीचे तसेच ठेवले. तासभराच्या स्ट्रेस टेस्टचे स्क्रीनशॉट टाकून 'स्टेबल' म्हणणाऱ्यांवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

प्रतापनगर
लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रॅम जास्त हवी म्हणून डीडीआर५ च्या चार काड्या लावल्या. ६००० वर नो डिस्प्ले. दोन काढल्या की सुरळीत. चार काड्यांचा भार मेमरी कंट्रोलरला झेपत नाही, एएम५ वर अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. आता मोठ्या दोनच काड्या आहेत.

मनीषनगर
प्रतापनगरवाल्या दादांसारखंच, पण डीडीआर४ वर. इंटेल आय५ १२४००, रॅम ३६००, एक्सएमपी लावलं की बूट नाही. या लॉक्ड प्रोसेसरवर सिस्टिम एजंटचं (मेमरी कंट्रोलर असतो त्या भागाचं) व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगानं चालतो तो मोड) ३६०० बहुतेकदा धरत नाही. ३२०० वर गिअर १ ठेवला. कॉलेजच्या प्रोजेक्टला काही फरक जाणवला नाही.

मानेवाडा
जानेवारीत बसवलेलं सेटिंग मे महिन्यात मोडलं. रॅमचा टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ६५५३५ केला होता. हा आकडा वाढवला की रॅम कमी वेळा रिफ्रेश होते, वेग मिळतो. पण काडी तापली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो. बाहेर ४५, खोलीत कूलर, आणि कूलरची हवा दुपारी कितीशी गार? हिवाळ्यात मेमटेस्ट स्वच्छ, नवतप्यात एररच एरर. तोवर विंडोजच्या फाइली खराब होऊन बूटला निळी स्क्रीन यायला लागली होती. आकडा अर्ध्यावर आणला, काड्यांवर छोटा पंखा लावला, विंडोज नव्यानं टाकलं. रॅमची टेस्ट इथं उन्हाळ्यातल्या दुपारी तीनला घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

धरमपेठ
बर्डीच्या भाऊंच्या उत्तराला पुरवणी. सीमॉस क्लिअर करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू आहे का पाहा. बायोस अपडेटनंतर माझ्या पीसीनं थेट ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती म्हणून निभावलं. रेड किंवा व्हीएमडीवर (डिस्क चालवायची बायोसमधली सेटिंग) विंडोज टाकलेलं असेल तर रीसेटनंतर ते सेटिंग पुन्हा लावावं लागतं, नाही तर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

खामला
एक विचारतो. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी ओव्हरक्लॉक गायब, घड्याळही मागे. ट्रेनिंगच फसतंय का?

बर्डी
घड्याळ मागे पडते म्हणजे सेल गेला भाऊ. सीआर२०३२ टाका, अन् क्लॉक पुन्हा लावायच्या आधी एकदा रात्रभर स्विच बंद ठेवून पाहा.