'इन्क्लूड म्हणजे कॉपी-पेस्ट' हे शिकवणं थांबवा

मुंगळा: काल एकाने इथे वेबसाइटच्या पीएचपी भाषेबद्दल लिहिलं, 'पीएचपीत इन्क्लूड म्हणजे कॉपी-पेस्ट, फाइलमधले व्हेरिएबल सगळीकडे मिळतात.' नवी पोरं हे खरं मानतात. इन्क्लूड एका फाइलमधून दुसरी फाइल आणून चालवतं. इन्क्लूड ज्या ओळीवर आहे, त्या ओळीचा स्कोप, म्हणजे व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली माहिती) जिथवर दिसतात ती हद्द, फाइलला मिळतो. फंक्शनच्या आत इन्क्लूड केलं तर व्हेरिएबल तिथलेच, फंक्शन संपलं की गेले. फाइलमधली फंक्शन्स आणि क्लास मात्र ग्लोबल होतात, म्हणजे कुठूनही वापरता येतात.

रात्रपाळी: ते मीच लिहिलंय. तुम्ही सांगताय ते कॉपी-पेस्टच झालं ना? बारा वर्षं यावर पोट भरतोय, कधी अडलं नाही.

मुंगळा: 'सगळीकडे' कुठून आलं मग? आणि कॉपी-पेस्ट असतं तर वरच्या फाइलमधलं यूज (क्लासला छोटं नाव देणारी ओळ) आणि स्ट्रिक्ट टाइप्स (डेटाचे प्रकार काटेकोर तपासायला लावणारी ओळ) आतल्या फाइललाही लागू झालं असतं. होत नाही.

हिशेबनीस: माझं ऐका. कराच्या दरांची फाइल दोन फंक्शन्समध्ये रिक्वायर-वन्सने, म्हणजे फाइल एकदाच चालवणाऱ्या इन्क्लूडने, घेतली होती. एक पीडीएफ बिल काढायचं, दुसरं तेच बिल मेल करायचं. पीडीएफ बरोबर, मेलमध्ये कर शून्य! दुसऱ्या वेळी फाइल चाललीच नाही, नुसतं ट्रू परत आलं, म्हणून दुसऱ्या फंक्शनला दर मिळालेच नाहीत. ग्राहकाच्या शिव्या खाल्ल्या, रात्रभर जागलो.

थीमवाला: फंक्शनमध्ये ग्लोबल लिहा, बाहेरचा व्हेरिएबल आत मिळतो, प्रश्न मिटला. वर्डप्रेस (वेबसाइट बनवायची पीएचपीतली प्रणाली) त्यावरच चालतं.

मुंगळा: वर्डप्रेसचं नाव काढू नका! हेडरमध्ये ठेवलेला व्हेरिएबल गेट टेम्प्लेट पार्ट या फंक्शनने आणलेल्या पानाच्या तुकड्यात दिसत नाही, कारण इन्क्लूड त्यांच्या फंक्शनच्या आत होतं. डेटा द्यायला त्या फंक्शनला आर्ग्स हा पॅरामीटर मिळायला 2020 उजाडलं, वर्डप्रेस 5.5 मध्ये.

थीमवाला: त्याच वर्डप्रेसवर माझी चाळीस गिऱ्हाइकं आहेत. तुमची शुद्ध वास्तू भाड्याने कोण घेतं ते सांगा.

मुंगळा: ती चाळीस घरं निस्तरायला शेवटी आमच्याकडेच येतात. कुठल्याशा प्लगइनने पोस्ट नावाचा ग्लोबल (चालू लेख धरून ठेवणारा व्हेरिएबल) बदलला की अख्खं पान चुकतं, आणि शोधत बसायचं आम्ही.

थीमवाला: पोस्टडेटा रीसेट करायला, म्हणजे तो ग्लोबल पूर्ववत करायला, विसरणाऱ्याचा दोष वर्डप्रेसवर का?

हिशेबनीस: भांडण पुरे. मी दरांच्या फाइलमध्ये शेवटी रिटर्न करून ॲरे (दरांची यादी) दिला, आणि दर वेळी फाइल चालवणाऱ्या साध्या रिक्वायरने व्हेरिएबलमध्ये घेतला. आता दर कुठून आले ते त्याच ओळीत दिसतं.

रात्रपाळी: रिटर्नचं ठीक आहे, कॉन्फिगला तेच करीन. 'सगळीकडे' हा शब्द काढतो. पण पहिल्या दिवशीच्या पोराला मी कॉपी-पेस्टच सांगणार.

मुंगळा: मग रिक्वायर-वन्सची गोष्टही त्याच दिवशी सांगा.