ईएल अंकांचे घड्याळ: विझलेल्या पट्ट्याही अंधारात का उजळतात?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून सोव्हिएत बनावटीचे चार जुने इलेक्ट्रोल्युमिनेसंट, म्हणजे ईएल, अंक मागवले आणि गेली दिवाळी संपल्यापासून त्यांचे घड्याळ जुळवत बसलो आहे. निक्सी नळ्यांची, म्हणजे तारेचे अंक वायूत उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांची, घड्याळे आता पुष्कळांनी केली आहेत. ईएलचा काचेत सपाट उमटणारा, तार किंवा जाळी कुठेही न दिसणारा निळसर हिरवा अंक मात्र मला अधिक सोज्वळ वाटतो.

रचना साधी आहे. १२ व्होल्टवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर २२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ देतो. चारही अंकांचा सामाईक ध्रुव त्याच्या एका टोकाला आहे आणि प्रत्येक अंकाच्या सात अशा २८ पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी स्वतंत्र एमओसी ३०२३ ऑप्टोकपलरमधून, म्हणजे प्रकाशाने चालू होणाऱ्या स्विचमधून, दुसऱ्या टोकाला जोडली आहे. वेळ डीएस ३२३१ ही घड्याळ-चिप सांभाळते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती उजेडाची. खोलीतला दिवा मालवला की १ च्या जागी फिकट ८ दिसू लागतो. जी तार चपट्या केबलमध्ये दोन पेटलेल्या तारांच्या मधून जाते, तिची पट्टी सर्वांत जास्त उजळते. मिनिट बदलताना नुकती विझलेली पट्टी क्षणभर लुकलुकते, तेही कळत नाही. नवल म्हणजे, त्या पट्टीला मल्टीमीटर लावला की भुताटकी मंदावते. ऑप्टोकपलर बदलून पाहिले, फरक नाही. एका नातेवाइकांनी तर इन्व्हर्टर काढून सरळ घरातली २३० व्होल्टची वीज द्यावी असे सुचवले आहे. आपले काय मत?

लष्करवासी, ग्वाल्हेर

नातेवाइकांचा सल्ला आधी निकालात काढू. घरची वीज ५० हर्ट्झची असल्याने अंक जेमतेम उजळतील, आणि सर्किटचा प्रत्येक सोल्डरचा डाग मेन्सला थेट जोडलेला राहील. तारीख लावायला बटण दाबणाऱ्या माणसाचा विचार करावा. इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे मिळणारे विलगीकरण मुळीच सोडू नये.

आता मूळ प्रश्न. आपण पट्टीकडे दिव्यासारखे पाहत आहात, पण ती कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक, आहे. जॉर्ज देस्त्रियो यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये झिंक सल्फाइडची पूड उलटसुलट विद्युतक्षेत्रात उजळताना दाखवली, आणि आपल्या अंकांतही तीच पूड दोन ध्रुवांमध्ये दाबलेली असून त्यांपैकी समोरचा ध्रुव पारदर्शक असतो. एका पट्टीचे कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरले, तर ४०० हर्ट्झला तिचा अवरोध सुमारे २० लाख ओहम होतो आणि पूर्ण पेटलेली असतानाही तिच्यातून जेमतेम ०.११ मिलिअँपिअर वाहतो. एवढ्या अल्प भुकेच्या वस्तूला शेजारच्या तारेतून झिरपणारे २०-३० पिकोफॅरडही पुरतात. आपली केबल नेमके तेच पुरवते. मल्टीमीटर लावल्यावर भूत मंदावते, कारण मीटर आणि त्याच्या तारा त्या झिरपलेल्या विजेत वाटेकरी होतात.

लुकलुकण्याचे कारण अधिक मनोरंजक आहे. ऑप्टोकपलरमधला ट्रायॅक, म्हणजे पट्टीची वीज जोडणारा स्विच, प्रवाह शून्य झाला की सुटतो, आणि कपॅसिटरमध्ये प्रवाह शून्य होतो तो व्होल्टेज शिखरावर असताना. म्हणजे पट्टी ३११ व्होल्ट पोटात घेऊन बसते. अर्ध्या आवर्तनानंतर इन्व्हर्टर उणे ३११ वर जातो, तेव्हा ऑप्टोकपलरवर ६०० व्होल्टच्या वर ताण येतो, आणि एमओसी ३०२३ तर ४०० व्होल्टचा आहे. तो नाइलाजाने फुटून वाहतो. ऑप्टोकपलर बदलून काही साधले नाही, यात नवल नाही.

उपाय असा की प्रत्येक पट्टीच्या दोन ध्रुवांमध्ये, म्हणजे पट्टीला समांतर, सुमारे ४४० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. पट्टी सुटली की साठलेली वीज त्यातून अर्ध्या आवर्तनाच्या आत खचितच उतरते. पाव वॉटच्या साध्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा बहुधा २५० असते, म्हणून एकच न लावता २२० किलोओहमचे दोन ओळीने जोडावेत. चपटी केबल मात्र तोकडी करावी, किंवा निदान एकाआड एक तार सामाईक ध्रुवाला बांधावी.

दांडियाबाजारवाले, वडोदरा

लष्करवासी यांचे निदान अचूक आहे, पण औषध मला थोडे जड वाटते. सर्व पट्ट्या पेटल्या तर ते रेझिस्टरच ३ वॉट खातील, पट्ट्या मात्र त्यातला अल्पसा वाटा घेतील.

ईएल पट्टी विझवणे म्हणजे तार तोडणे नव्हे, तिची दोन्ही टोके एका पातळीवर ठेवणे होय. हे मानले की ऑप्टोकपलरची गरजच उरत नाही. एचव्ही ५०७ नावाची चिप ६४ पुश-पुल, म्हणजे पुरवठ्याच्या दोन्हींपैकी हव्या त्या टोकाला जोडता येणारे, आउटपुट देते आणि ३०० व्होल्टपर्यंत चालते. तिच्या एका पिनने सर्व आउटपुट एकदम उलटे करता येतात. सामाईक ध्रुवही तिच्याच काही आउटपुटवर समांतर घ्यावा, पेटवायच्या पट्टीला त्याच्या उलट बिट द्यावा, विझवायच्या पट्टीला त्याच्यासारखाच द्यावा, आणि तो पिन ४०० हर्ट्झने हलवत राहावे. २०० व्होल्ट डीसी पुरवठ्यातून पेटलेल्या पट्टीला अधिक-उणे २०० व्होल्ट मिळतात, विझलेलीला शून्य. तरंगणारी तारच नसल्याने भुताला राहायला जागा उरत नाही. दोन्ही अर्धे काळ समान असावेत, कारण सरासरी डीसी राहिली तर पूड काळवंडते. पुरवठ्याच्या कपॅसिटरला साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टर लावल्याशिवाय हात घालू नये.

अपोलो यानांतल्या डीएसकेवाय या संगणक-फलकावरचे २१ अंकही ईएलच होते आणि त्यांच्या पट्ट्या २५० व्होल्ट, ८०० हर्ट्झवर रिलेंनी चालू-बंद होत. सुट्या रिलेच्या संपर्कांतून झिरपण्यास फारसा वाव नसतो. तो मार्ग आपल्यालाही मोकळा आहे, परंतु दर मिनिटाला होणारी टकटक शयनगृहात चालणार नाही.

शेवटी वयाबद्दल. वारंवारता वाढवली की उजेड वाढतो, रंग निळ्याकडे सरकतो आणि पूडही तितक्याच वेगाने झिजते. ती जणू आवर्तने मोजत जगते. मी २५० हर्ट्झवर समाधान मानतो आणि रात्री व्होल्टेज उतरवतो. पूड ओलाव्याने फार लवकर मरते, म्हणून पावसाळ्याआधी काचेच्या कडा तपासाव्यात, इपॉक्सीला तडा दिसल्यास भरून घ्यावा.

रामबागकर, इंदूर

दोघांचेही आभार. महाराणी रोडवरून २२० किलोओहमचे ५६ रेझिस्टर आणले आणि आधी एकाच अंकाला डाग दिले. दिवा मालवला, पाच मिनिटे डोळे अंधाराला सरावू दिले, आणि १ हा १ च दिसला. मिनिट बदलताना लुकलुकही नाही. उत्साहाने चारही अंकांना लावले तेव्हा मात्र वडोदऱ्याच्या आक्षेपाचा प्रत्यय आला: इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर हाताला कढत लागू लागला आणि व्होल्टेज २२० वरून १९० पर्यंत बसले. उजेड त्यामानाने किंचितच उतरला. केबल ३० सेंटिमीटरवरून ८ वर आणली आहे.

म्हणून एचव्ही ५०७ मागवली आहे. ती येईपर्यंत घड्याळ २५० हर्ट्झवर ठेवणार होतो, पण माझा ट्रान्सफॉर्मर तेवढ्या खाली गेल्यावर अधिकच तापतो, तेव्हा तूर्त ४०० च ठीक.

एक जाता जाता विचारतो. काचच बारीक आवाज करते, आईला ते उशाशी डास गुणगुणल्यासारखे वाटते. मागे जुन्या कांबळ्याचा तुकडा ठेवला, त्याने निम्मा आवाज गेला. एचव्ही ५०७ च्या चौकोनी तरंगाने हा आवाज वाढेल का?

दांडियाबाजारवाले, वडोदरा

वाढेल. चढ-उतार धारदार असतात तिथे काच अधिक कुरकुरते. प्रत्येक पट्टीच्या तारेत १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकून धार बोथट करावी. २०० पिकोफॅरडला त्याने उजेडात फरक पडत नाही. कांबळे राहू द्यावे.