मदत हवी आहे: कोथरूड ते शिवाजीनगर रोजचा सायकलप्रवास

नमस्कार. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात मी गेल्या चार महिन्यांपासून कोथरूडहून शिवाजीनगरच्या कार्यालयात सायकलने जातो. अंतर सुमारे ६ किलोमीटर आहे आणि सकाळच्या गर्दीत स्कूटरपेक्षा जेमतेम पाच-सात मिनिटे अधिक लागतात. पेट्रोलचा खर्च वाचला, रात्रीची झोप सुधारली आणि संध्याकाळी घरी परतताना मनावरचा ताण बराच हलका झालेला असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

अडचण आहे ती कर्वे रस्त्याची. थांब्यावर प्रवासी घेण्यासाठी डावीकडे वळणाऱ्या बस, मध्येच थांबून प्रवासी उतरवणाऱ्या रिक्षा आणि नळ स्टॉपच्या चौकातला धूर यांमुळे घरच्यांना माझी सतत काळजी वाटते. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून जाणारा एखादा शांत मार्ग कोणी नियमित वापरता का? पावसाळ्यात रिमवरचे ब्रेक ओले होऊन नीट पकडत नाहीत, तेव्हा डिस्क ब्रेकची सायकल घेणे योग्य ठरेल का? शिवाय कार्यालयात अंघोळीची सोय नसताना घामाचे काय करता, हेही कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.