न्यायाधीश मतांवर ठेवावा का? पर्स्की प्रकरण

सनीवेलकर
कॅलिफोर्नियातल्या आमच्या सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जून २०१८ मध्ये ॲरन पर्स्की या न्यायाधीशाला घरी पाठवायला मी मत दिलं. स्टॅनफर्डच्या जलतरणपटूने बेशुद्ध मुलीवर अत्याचार केला, ज्युरीने तिन्ही गुन्ह्यांत दोषी धरलं, सरकारी वकिलांनी सहा वर्षं मागितली. साहेबांनी दिले सहा महिने! पोरगा तीन महिन्यांत बाहेर. साठ टक्क्यांहून जास्त मतं रिकॉलच्या, म्हणजे मुदतीआधीच त्याला पदावरून काढण्याच्या, बाजूने पडली. त्याआधी कॅलिफोर्नियात न्यायाधीशावर अशी वेळ आली होती ती १९३२ साली. मला अजून पस्तावा नाही. कुणाला चूक वाटते का?

काळाकोट
मला वाटते. शिक्षा कायद्याच्या चौकटीत होती, प्रोबेशन विभागाचीही (आरोपीची माहिती काढून कोर्टाला शिक्षा सुचवणारं खातं) सौम्य शिक्षेचीच शिफारस होती. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये पर्स्कीला दोषमुक्त केलं. दुखणं कायद्यात होतं आणि तो विधिमंडळाने त्याच वर्षी बदललाही. मग माणसाला का झोडपायचं? आमच्याकडे भारतात परीक्षा देऊन न्यायाधीश होतात, वर उच्च न्यायालयाचं लक्ष असतं. मतदाराला घाबरावं लागत नाही.

तिरकस
आमच्या गावात सरपंच निवडताना मटण शिजतं. न्यायाधीश निवडताना काय शिजेल, याची कल्पना करतोय.

सनीवेलकर
@काळाकोट, तुमचा न्यायाधीश बदली होऊन जातो, आमचा इथेच बसतो. पर्स्की २००२ ला निवडणूक हरला. २००३ ला गव्हर्नर ग्रे डेव्हिसने त्याला नेमलं. म्हणजे लोकांनी नाकारलेला माणूस मागच्या दाराने आत! २०१६ ला समोर कुणी उभंच नाही, म्हणून मतपत्रिकेवर नावही नाही. शिक्षा २ जूनला, मतदान ७ जूनला, आणि हा पुढच्या सहा वर्षांसाठी बिनविरोध. मग मी मत द्यायचं तरी कधी होतं?

माई_फ्रीमॉन्ट
मी तेव्हा तुझ्याच बाजूची होते रे, आता नाही. इथले कित्येक पब्लिक डिफेंडर रिकॉलच्या विरोधात होते. म्हणजे गरिबांचे खटले लढणारेच! नंतर अभ्यासकांनी राज्यातल्या काही काउंट्यांतल्या शिक्षा तपासल्या. रिकॉलची मोहीम जाहीर झाल्यावर न्यायाधीश सरसकट कडक झालेले दिसले. त्याचा मार कुणाला बसला असेल? स्टॅनफर्डच्या पोरांना नक्कीच नाही.

सनीवेलकर
हे मला माहीत नव्हतं, माई. तरी त्या मुलीचं पत्र कोर्टात वाचलं गेलं आणि त्यानंतर सहा महिने दिले, हे डोक्यातून जात नाही.

काळाकोट
त्याच्या खुर्चीत आल्या सिंडी हेंड्रिक्सन, सरकारी वकील. बचावाच्या वकिलांना आनंदच झाला असेल.

सनीवेलकर
पर्स्कीही आधी सरकारी वकीलच होता, वकीलसाहेब.