ॲपोमॅटॉक्सचे मॅक्लीन घर: आज दिसते त्यातले मूळ किती?

पायवाट
ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियाला जाणे आहे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या जनरल ली यांनी उत्तरेच्या जनरल ग्रँट यांच्यापुढे ज्या घरात शरणागती पत्करली ते घर पाहायचे आहे. काही ठिकाणी ते 'मूळ घर' म्हटले आहे, तर काही ठिकाणी 'प्रतिकृती'. खरे काय? आणि पोहोचल्यावर नेमके काय पाहावे?

जुने_जोते
जागा मूळ आहे, घर पुन्हा बांधलेले आहे. हा फरक मनात ठेवूनच आत जा.

घर 1848 चे, विटांचे. प्रवाशांच्या उतारूगृहासाठी बांधलेले. शरणागती 9 एप्रिल 1865 ची. पुढे तेव्हाचे मालक विल्मर मॅक्लीन यांच्याकडून घर गेले, आणि 1891 मध्ये मायरन डनलॅप यांनी ते 10,000 डॉलरला घेतले. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नेऊन उभे करण्याचा बेत आधी होता, मग वॉशिंग्टनमध्ये संग्रहालय करण्याचा ठरला. 1893 मध्ये घर उतरवले, आणि त्याच सुमारास पैसा संपला. विटांचे आणि लाकडाचे ढीग सुमारे पन्नास वर्षे उघड्यावर पडून होते.

उतरवलेले घर असे पडून राहिले की काय होते, ते सांगतो. लाकूड थेट जमिनीवर ठेवले की ओल खालून चढते आणि आधी तुळया-वाशांची टोके कुजतात, म्हणजे नेमकी सांध्यांची जागा जाते. भिंतीच्या आतल्या थरातल्या कमी भाजलेल्या विटा उघड्या पावसात आणि हिवाळ्यातल्या गोठण्यात भुगा होतात. बाहेरच्या पक्क्या विटा तेवढ्या टिकतात. वर इथे आठवण म्हणून वीट-फळी उचलून नेणारेही होते.

तरीही घर परत उभे राहू शकले, त्याचे मोठे श्रेय 1893 च्या कागदांना. उतरवण्यापूर्वी लिंचबर्गच्या कंत्राटदारांनी मोजमापांसह नकाशे, दर्शनी बाजूंची आरेखने आणि साहित्याचे तपशील करून ठेवले होते. 1941 मध्ये जागेचे उत्खनन झाले, कामाचे आराखडे निघाले, आणि डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरल्याने सगळे थांबले. निविदा उघडल्या 1947 च्या नोव्हेंबरात. 9 एप्रिल 1949 ला, शरणागतीच्या 84 व्या वर्षदिनी, घर लोकांसाठी खुले झाले. शाबूत राहिलेल्या काही मूळ विटा दर्शनी भिंतीत वापरल्या आहेत.

दौत
वरच्यात सामानाची भर घालतो, कारण बैठकीच्या खोलीत फसगत तिथेच होते. ज्या दोन टेबलांवर सगळे घडले ती दोन्ही इथे नाहीत. ग्रँट यांनी अटींचा मसुदा ज्या लहान लाकडी टेबलावर लिहिला ते उत्तरेचे सेनाधिकारी शेरिडन यांनी 20 डॉलरला घेऊन सहकारी अधिकारी कस्टर यांच्या पत्नीला भेट दिले. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दोघांच्या खुर्च्याही तिथेच. ली ज्या संगमरवरी टेबलाशी बसले ते उत्तरेचेच जनरल ऑर्ड यांनी 40 डॉलरला घेतले. ते शिकागोच्या इतिहास संग्रहालयात आहे. मॅक्लीन यांच्या मुलीची चिंध्यांची बाहुलीही एका अधिकाऱ्याने नेली होती. ती 1992 मध्ये परत आली.

खोलीत उभे राहाल तेव्हा आणखी एक माणूस आठवा: इली पार्कर. ग्रँट यांचे हे सहायक सेनेका जमातीचे होते आणि अटींची शाईतली पक्की प्रत त्यांच्या हातची. अटीही वाचून जा. सैनिकांना कैदेत न टाकता शब्दावर घरी सोडले, ज्यांचे स्वतःचे घोडे-खेचरे होती त्यांना ती नेऊ दिली, आणि उपाशी सैन्याला 25,000 माणसांचा शिधा दिला. एप्रिल महिना, पेरणीचे दिवस. घोडा नसता तर त्या वर्षी कित्येकांचे शेत पडीक राहिले असते.

पायवाट
फार उपयोगी. मग खरोखर मूळ वास्तू एकही उरली नाही का? आणि युद्ध मॅक्लीन यांच्याच अंगणात सुरू होऊन त्यांच्याच घरात संपले, हे बरोबर आहे का?

जुने_जोते
मूळ वास्तू आहेत, आणि त्यांना वेळ द्याच. क्लोव्हर हिल टॅव्हर्न 1819 ची. तिथेच छापखाना लावून शरण आलेल्या सैनिकांची 28,000 हून अधिक सुटकापत्रे छापली. मीक्सचे दुकानही मूळ. न्यायालयाची इमारत मात्र 1892 मध्ये जळाली. आजची 1960 च्या दशकातली, तिच्यात माहिती केंद्र आहे. 'कोर्ट हाउस' हा गावाच्या नावाचा (ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस) भाग आहे, त्यामुळे बरेच लोक शरणागती न्यायालयात झाली असे समजून तिथेच फोटो काढतात.

दुसरा प्रश्न: अर्धे बरोबर. उत्तर व्हर्जिनियातल्या मनॅसस इथल्या मॅक्लीन यांच्या शेतावर दक्षिणेच्या जनरल बोरगार्ड यांचे ठाणे होते आणि 18 जुलै 1861 ला तोफगोळा तिथल्या स्वयंपाकघरावर पडला. पण युद्धाला तोंड फुटले ते 12 एप्रिलला, चार्ल्सटनच्या फोर्ट समटरवर. ॲपोमॅटॉक्सलाही फक्त ली यांचे सैन्य शरण आले. दक्षिणेचे दुसरे जनरल जॉन्स्टन यांनी 26 एप्रिलला नॉर्थ कॅरोलिनात, डरहॅमजवळच्या बेनेट यांच्या शेतघरात शरणागती दिली. तेही घर 1921 मध्ये जळाले, धुराडे तेवढे उरले.

दौत
घराच्या मागच्या बाजूला जायला विसरू नका. गुलामांची खोली आणि वेगळे स्वयंपाकघर तिथे पुन्हा उभारले आहे. 1860 मध्ये या कौंटीतले (जिल्ह्यातले) निम्म्याहून अधिक लोक गुलामगिरीत होते. ती जागा न पाहता युद्ध कशासाठी झाले ते कळणार नाही.

बाकी व्यवहाराचे: हे जुने गाव आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, त्याला प्रवेश शुल्क नाही. आजच्या ॲपोमॅटॉक्स शहरात, काही किलोमीटरवर, यादवी युद्धाचे एक वेगळे संग्रहालय आहे. त्याला तिकीट लागते आणि ली यांची तलवार तिथे आहे. नकाशात दोन्ही नावे सारखी दिसतात, म्हणून गाडीत पत्ता घालताना 'नॅशनल हिस्टॉरिकल पार्क' असे पूर्ण लिहा. वाहनतळापासून चढ चालावा लागतो. अर्धा दिवस पुरतो.