मदत हवी आहे : गोव्याच्या बाजारात किती व्यावसायिक फुटबॉल क्लब तगतील?

एका लेखासाठी हिशेब जुळवतोय. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख, म्हणजे पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही. तरीही 2007-08 ते 2012-13 ही आय-लीगची (तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग) सलग सहा विजेतेपदं डेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्यातल्या क्लबांनी आपसात वाटून घेतली. मग 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही नवी लीग सुरू झाली आणि तिच्यासोबत एफसी गोवा हा क्लब आला. 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो 2024-25 ला आय-लीगमध्ये परतला, तेही खालच्या लीगमधून वर चढत.

त्या माघारीमागे आयएसएलला अव्वल दर्जा देण्याच्या योजनेवरची नाराजी होती, ते ठाऊक आहे. ती चर्चा इथे नको. जुने क्लब मुख्यतः मालक उद्योगघराण्यांच्या पैशावर चालायचे, म्हणून विजेतेपदं पाहून बाजाराचा अंदाज बांधणं मला भाबडेपणा वाटतो.

बातम्यांतून फातोर्ड्याच्या (मडगावच्या) स्टेडियमवरच्या सामन्यांची प्रेक्षकसंख्या काढली. पण तिकीट काढून आलेले किती आणि पासवाले किती, हे त्यात कळत नाही. ताळेबंदात तिकिटं, जर्सीविक्री नि प्रायोजक एकाच रकमेत येतात.

क्लबचा हिशेब, तिकीटविक्री किंवा प्रायोजकत्व जवळून पाहिलेलं इथे कुणी आहे का? नावं, गोपनीय आकडे नकोत, ढोबळ प्रमाण पुरे. मालकाचा आणि लीगचा पैसा वगळला, तर खर्चाचा किती हिस्सा स्थानिक तिकिटं आणि गोव्यातले प्रायोजक उचलतात? आणि दुसरा क्लब आला की हे प्रायोजक वाढतात, की तेच विभागले जातात?